फिल्म कॅमेऱ्यासाठी रोजची झूम लेन्स कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाट आवरताना बाबांचा नाहीतर मामाचा फिल्म कॅमेरा सापडतो, बॅटरी घातली की उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो, आणि पहिला रोल धुऊन आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: याला एखादी झूम घ्यायची आहे, कुठली घेऊ? मुंबईत फिल्मवर फोटो काढणारे नवे लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी ३५ मिमी फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यांपुरती, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांपुरती.

कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स आधीच आहे. झूम घ्यायलाच हवी का?

घ्यायलाच हवी असं नाही. नुसत्या ५० वर वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे लोक आहेत. पण मुंबईत मागे सरकायला जागा कुठे असते? दोन पावलं मागे गेलं की पाठीला भिंत लागते, नाहीतर मागून हातगाडीवाला ओरडतो. पुढे जावं तर मध्ये माणसांची रांग. पाय अडतात तिथे झूम कामाला येते. शिवाय पावसात आणि धक्काबुक्कीत भररस्त्यात लेन्स काढून दुसरी लावायची म्हणजे काच आणि कॅमेऱ्याचं पोट दोन्ही उघडं टाकायचं. मी ते टाळतो.

झूम घेतली म्हणून ५० मात्र विकू नका. तिचं एफ/१.८ रात्री लागतं (एफ आकडा म्हणजे लेन्सचं ॲपर्चर, उजेड आत घेणारं भोक, किती उघडतं त्याचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त).

३५-७० घेऊ, २८-१०५ घेऊ की एकदम ३५-२००?

३५-७० पासून, म्हणजे ३५ ते ७० मिमीपर्यंत बदलणाऱ्या झूमपासून, सुरुवात करा; मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद. दुकानात हा आकडा फार लहान वाटतो, कारण आता फोनसुद्धा दहापट झूम सांगतात. म्हणून मिलिमीटर बाजूला ठेवून फुटांत बोलू. आडवी फ्रेम धरून दहा फुटांवर उभे राहिलात तर ३५ मध्ये साधारण दहा फूट रुंदी बसते: चहाची टपरी आणि तिच्यापुढे उभी माणसं. तिथेच उभं राहून ७० केलं की पाच फूट: चहा गाळणारा, त्याचं पातेलं आणि वर उठणारी वाफ. जागा तीच, फोटो दोन. १०५ वर ही रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास येते, म्हणजे चेहरा आणि खांदे.

मला विचाराल तर लांबच्या टोकापेक्षा रुंद टोकाकडे जास्त लक्ष द्या. २८ आणि ३५ मध्ये कागदावर सात मिलिमीटरचाच फरक आहे, पण दहा फुटांवर २८ मध्ये जवळजवळ तेरा फूट मावतात. खेतवाडीच्या गल्लीत गणपतीसमोर उभे राहा म्हणजे हे तीन फूट म्हणजे काय ते कळेल. वीस फुटांवरून उभी फ्रेम धरली तर ३५ मध्ये उंची वीस फूट आणि थोडी वर एवढीच बसते. २८ मध्ये पंचवीस फुटांच्या वर. मूर्ती उंच असेल तर ३५ वाल्याच्या फोटोत मुकुट तरी कापला जातो नाहीतर पाट तरी. तुम्ही जास्त करून चाळी, जुन्या इमारती, घरातले कार्यक्रम टिपत असाल तर २८ पासून सुरू होणारी झूम शोधा. रस्त्यावरची माणसं टिपत असाल तर ३५ पुरते.

३५-२०० सारख्या लेन्स रोजसाठी मी सुचवत नाही. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

एफ/३.५, एफ/३.५-४.५, एफ/४-५.६. एवढ्याशा आकड्याने काय फरक पडतो?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

एसएलआरमध्ये तुम्ही लेन्समधूनच बघता. डोळ्याला दिसणारं चित्र लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडं असताना पडतं. म्हणजे लेन्सचा सर्वात लहान एफ आकडा नुसता फोटोचा उजेड ठरवत नाही, व्ह्यूफाइंडर किती उजळ दिसणार हेही ठरवतो. एफ/३.५ च्या मानाने एफ/५.६ वर अडीचपट कमी उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. ५० एफ/१.८ ची सवय झालेल्या डोळ्याला तर एफ/५.६ म्हणजे जवळपास दहावा हिस्सा. डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा हा अंधार भरून काढतो. फिल्म कॅमेऱ्यात भरून काढणारं कुणी नाही.

त्यातून हाताने फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यांत मध्यभागी एक गोल असतो. त्यातली तुटलेली रेघ जुळली की फोकस जुळला. हा गोल लहान प्रिझमचा बनलेला असतो आणि त्याला पुरेसं उघडं ॲपर्चर लागतं. एफ/४.५ च्या पुढे तो रुसायला लागतो आणि एफ/५.६ च्या आसपास त्याचा अर्धा भाग काळा पडतो. मग रेघ जुळवायची कशी?

हे मी गिरगाव चौपाटीवर शिकलो. अनंत चतुर्दशीची संध्याकाळ, सातची वेळ. गळ्यात लांब रेंजची एक झूम, लांबच्या टोकाला एफ/५.६. दिवसा तिने मला कधीच त्रास दिला नव्हता. पाण्यात शिरलेल्या मूर्तीकडे वळून लेन्स लांबवली तर गोल काळा. व्ह्यूफाइंडरमधल्या त्या गोलाबाहेरच्या काचेवर अंदाजाने फोकस करत राहिलो. गुलाल उडत होता, आरती चालू होती, सगळं समोर घडत होतं आणि मला ते नीट दिसतच नव्हतं. ३६ पैकी ११ फ्रेम फोकसमध्ये आल्या. त्या संध्याकाळनंतर लेन्स बघताना मी आधी एफ आकडा वाचतो, रेंज नंतर.

म्हणून सांगतो: पूर्ण रेंजभर एफ/३.५ किंवा एफ/४ देणारी छोटी झूम ही एफ/५.६ वर जाणाऱ्या मोठ्या झूमपेक्षा रोजच्या कामाला चांगली. एफ/३.५-४.५ (रुंद टोकाला ३.५, लांब टोकाला ४.५) सुद्धा चालेल. ऑटोफोकस कॅमेरा असेल तर एवढं कडक राहायची गरज नाही, पण अंधुक उजेडात तिथेही उघडी लेन्स लवकर फोकस पकडते.

झूम केल्यावर ॲपर्चर बदलत असेल तर एक्स्पोजर चुकेल का?

कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधूनच मोजत असेल तर नाही. झूम केल्यावर काटा परत बघा, एवढंच. हातातला वेगळा मीटर किंवा साधा फ्लॅश वापरत असाल तर हिशेब ठेवावा लागतो. एफ/३.५ ते एफ/४.५ हा फरक पाऊण स्टॉपहूनही थोडा कमी आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कलर निगेटिव्ह तो सहज पचवते, स्लाइड फिल्म पचवत नाही.

माझ्या कॅमेऱ्याला नेमकी कुठली लेन्स शोधू?

निकॉनचा एफएम, एफई, एफएम२ असेल तर एआय किंवा एआय-एस (निकॉनच्या १९७७ पासूनच्या लेन्सच्या पिढ्या) निक्कोर ३५-७० एफ/३.५ बघा. निक्कोर हे निकॉनच्याच लेन्सचं नाव. भक्कम आहे, रेंजभर एफ/३.५ देते. जुनी एआय आवृत्ती ७२ मिमी फिल्टरची आहे आणि हाताला मोठी लागते, नंतरची एआय-एस ६२ ची. ऑटोफोकसवाली ३५-७० एफ/२.८ या कॅमेऱ्यांवर हाताने फोकस करून छान चालते, पण वजन साधारण ६६५ ग्रॅम, म्हणजे एफएम२ च्या ५४० ग्रॅमच्या बॉडीपेक्षा जास्त. तिच्या आतल्या काचांवर धूसर थर धरण्याची खोड प्रसिद्ध आहे, तेव्हा टॉर्च लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एकच लेन्स घेऊन सगळं करायचं असेल तर एएफ २८-१०५ एफ/३.५-४.५ डी ही माझी आवडती. तिला ॲपर्चर रिंग आहे, म्हणून जुन्या बॉडीवरही चालते, आणि मॅक्रो खटका लावला की वस्तू फिल्मवर तिच्या निम्म्या आकाराची येईल इतक्या जवळून घेता येतं.

निकॉनबाबत एक खबरदारी. १९७७ च्या आधीच्या, एआय नसलेल्या लेन्स एफएम२ वर बसवू नका, माउंटजवळचा (लेन्स कॅमेऱ्यावर बसते ती कडी) बारीक खटका मोडू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: एआय लेन्सवर ॲपर्चरच्या आकड्यांची एक मोठी ओळ असते आणि तिच्या मागे, माउंटच्या बाजूला, तेच आकडे अगदी बारीक छापलेले असतात.

कॅननच्या एई-१ ला एफडी माउंट लागतो. त्यात ३५-७० एफ/४ हलकी आणि स्वस्तातली, ३५-१०५ एफ/३.५ जड पण सुंदर. १९८७ नंतरच्या ईओएस कॅमेऱ्यांचा माउंट पूर्ण वेगळा आहे, एफडी लेन्स त्यावर बसत नाही. ईओएसला ईएफ २८-१०५ एफ/३.५-४.५ यूएसएम घ्या आणि निर्धास्त राहा.

पेंटॅक्स के१००० वाल्यांना पेंटॅक्स-ए ३५-७० एफ/४. ३५-१०५ एफ/३.५ मिळाली तर सोडू नका. मिनोल्टाला एमडी ३५-७० एफ/३.५, लायकाने आपल्या आर कॅमेऱ्यांसाठी ३५-७० एफ/३.५ मिनोल्टाकडूनच करून घेतली होती, यावरून तिची लायकी समजा. ऑलिंपस ओएमला झुइको ३५-७० एफ/४. याशिका एफएक्स-३ वर कॉन्टॅक्सच्या लेन्सही बसतात, त्यात झाइसची व्हारियो-सोनार ३५-७० एफ/३.४ आहे. महाग आहे, पण फोटो बघितला की किंमत समजते.

घरातला कॅमेरा आट्यांच्या माउंटचा झेनिट असेल तर झूमच्या मागे लागू नका. एखादी ३५ किंवा २८ ची साधी लेन्स त्याला जास्त शोभते.

डिजिटल कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ आहे. ती चालेल?

नाही. ती लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे. कॅननची ईएफ-एस तर फिल्म कॅमेऱ्यावर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण फ्रेमचे कोपरे काळे येतात. शिवाय निकॉनच्या ‘G’ खुणेच्या लेन्सना ॲपर्चर रिंग नसते. निकॉनच्याच नंतरच्या एफ१०० किंवा एफ५ वर त्या चालतात, एफएम२ वर ॲपर्चर सर्वात बारीक जागी अडकून राहतं.

सेकंडहँड लेन्स घेताना काय काय बघायचं?

खिशात छोटा टॉर्च ठेवा, मोबाइलचाही चालेल. दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च एका बाजूने तिरका धरा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. सरळ बघितलं तर काच स्वच्छच दिसते, तिरका उजेडच खरं सांगतो. काचेच्या कडेकडून मध्याकडे सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. आरशावर तोंडाची वाफ सोडल्यासारखा पांढुरका थर दिसला तर तो हेझ, त्याने फोटोतला काळा रंग राखाडी होतो. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही चालतो. मागच्या काचेवरचा चालत नाही, तो फोटोत उतरतो.

मग ॲपर्चरची पाती बघा. मागचा खटका बोटाने ढकलून सोडा. पाती टचकन मिटायला हवीत. आळसावून मिटली किंवा त्यांच्यावर तेलाची चकाकी दिसली तर फोटो जास्त उजळ येणार. पुढे-मागे सरकवायच्या एकाच रिंगची झूम असेल तर ती खाली तोंड करून धरा. नळी आपोआप घसरली तर आतली पकड सैल झाली आहे. वापरता येते, पण किंमत पाडून मागा.

हे सगळं दिवसाउजेडी करा. मी एकदा संध्याकाळी घाईत लेन्स घेतली. ट्यूबलाइटखाली काच लख्ख दिसली, विकणाऱ्यानेही ‘एकदम क्लीन’ म्हणून हातात दिली. सकाळी खिडकीत धरली तर मधल्या काचेवर नखाएवढं जाळं. साफ करायला जवळजवळ लेन्सच्याच किमतीएवढे पैसे गेले, आणि धागे गेले तरी काचेवरच्या पातळ कोटिंगवर त्यांची नक्षी तशीच राहिली. उजेडाविरुद्ध काढलेल्या प्रत्येक फोटोत ती लेन्स अजून धुरकट दिसते.

थोडीशीच बुरशी आहे आणि लेन्स फार स्वस्त मिळते आहे. घेऊ का?

कडेला एखादाच धागा असेल आणि लेन्स साधी, सहज उघडता येणारी असेल तर विचार करा. झूममध्ये मात्र काचांचे गट एकमेकांत सरकत असतात, ती उघडून परत नेमकी जुळवणं प्राइमपेक्षा (झूम नसलेल्या साध्या लेन्सपेक्षा) कितीतरी अवघड. मुंबईत मी नाही म्हणेन. तशी लेन्स घरी आणलीच तर बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा.

पावसाळ्यात सांभाळायची कशी?

जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज राहते. बुरशीला साठ-पासष्टच पुरते. म्हणून लेन्स ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. परवडत असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा काटेवाला आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की परत निळे होतात. तांदूळ ठेवू नका, त्यांची भुकटी रिंगांत जाते. कॅमेऱ्याबरोबर आलेली चामड्याची केस पावसाळाभर वेगळी ठेवा, चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं.

आणि लेन्स वापरत राहा. चार महिने बंद कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते, दर रविवारी बाहेर निघणाऱ्या लेन्सला सहसा नाही.

एसी लोकलमधून किंवा ऑफिसमधून बाहेर पडलात की कॅमेरा लगेच काढू नका. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की क्षणात धुकं धरतं. बॅगेची चेन लावलेलीच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या.

मुंबईत मिळतील कुठे?

सीएसएमटी समोरचा फोर्टचा भाग, बोरा बाजार आणि डी. एन. रोडच्या आसपासची कॅमेऱ्यांची दुकानं. तिथे लेन्स हाताळून बघता येते आणि दुकानदाराशी ओळख झाली की तो हवी ती लेन्स आली की कळवतोही. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुने कॅमेरे भरपूर दिसतात, पण शोभेच्या वस्तूंत चालणारी लेन्स शोधायला डोळा तयार लागतो. पहिली लेन्स फोर्टात घ्या. तुमची बॉडी बरोबर न्या आणि लेन्स तिच्यावर बसवूनच बघा.

झूमबरोबर रोल कुठला घालू?

४०० आयएसओ (फिल्म उजेडाला किती चटकन प्रतिसाद देते त्याचा आकडा). भर उन्हात २०० पुरतो, पण रोजची लेन्स म्हणजे घराबाहेर पडल्यापासून दिवे लागेपर्यंतची. ढगाळ पावसाळी दुपारी ४०० च्या रोलवर एफ/८ आणि शटर १/२५० सेकंद मिळतात, झूमला याहून सुखाची जागा नाही. दिव्यांनी उजळलेल्या रात्रीच्या बाजारात एफ/४ वर १/३० येतो. ७० वर १/३० म्हणजे हात हलणार, म्हणून अशा वेळी झूम ३५ कडे आणा आणि दोन पावलं पुढे जा.

दादरच्या फूलगल्लीतला एक फोटो सांगतो. पहाटे साडेसहा, पुलाखाली अजून दिवे चालू. झेंडूच्या ढिगाला टेकून एक मावशी वेणी ओवत होत्या, सुई दातात, दोरा अंगठ्याला गुंडाळलेला. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ विचारलं, त्यांनी मान हलवली आणि ओवणं चालूच ठेवलं. ४०० चा रोल, एफ/३.५, १/६०. एफ/५.६ ची लेन्स असती तर तोच उजेड १/३० च्याही खाली गेला असता आणि त्यांचे हलते हात पुसट आले असते. तो फोटो आज माझ्या भिंतीवर आहे, त्यात दोऱ्याचा पीळ दिसतो.

फोकस आधी की झूम आधी?

खऱ्या झूममध्ये लेन्स लांबच्या टोकाला न्या, तिथे फोकस जुळवा, मग हवी तेवढी रुंद करा. लांब टोकाला चित्र मोठं दिसतं, फोकस नेमका लागतो. मात्र काही लेन्समध्ये, विशेषतः स्वस्त आणि नंतरच्या ऑटोफोकस लेन्समध्ये, झूम फिरवली की फोकसही सरकतो. तपासायला घरातलं कॅलेंडर पुरतं: ७० वर तारखांवर फोकस करा, ३५ वर या आणि रेघ अजून जुळलेली आहे का बघा.

हूड आणि फिल्टर लागतोच का?

हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायची सावलीची कड, लागतोच. झूममध्ये काचा जास्त, त्यामुळे मरीन ड्राइव्हवर सूर्य समोर असला की रंग धुऊन निघतात. हूड रुंद टोकासाठी बनवलेलंच घ्या, नाहीतर कोपरे काळे येतील. ब्लॅक अँड व्हाइट काढत असाल तर एक पिवळा फिल्टर घ्या, पावसाळी ढग आकाशातून सुटे दिसतात.

लेन्स घेतली. आता ती ठीक आहे हे कसं कळणार?

३६ चा एक रोल तिच्यासाठीच ठेवा. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून ३५, ५० आणि ७० वर प्रत्येकी दोन फोटो: एक पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, एक एफ/८ वर. भिंतीच्या रेघा कडेला किती वाकतात आणि कोपरे किती मऊ पडतात ते दिसेल. रात्री रस्त्यावरचा एक दिवा फ्रेमच्या कोपऱ्यात घेऊन एक फोटो, हेझ असेल तर तिथे पांढरा पडदा येतो. एखाद्या सकाळी नरिमन पॉइंटच्या टोकाला कठड्यावर कॅमेरा टेकवून, फोकस अनंतावर ठेवून, समोरच्या मलबार हिलच्या इमारती ७० वर घ्या. प्रत्येक फ्रेमचा आकडा, झूम, ॲपर्चर आणि शटर वहीत लिहा. निगेटिव्ह हातात आली की पांढऱ्या उजेडासमोर धरून भिंगातून त्या इमारतींच्या खिडक्या मोजून बघा. मोजता आल्या तर लेन्सचा फोकस अनंतापर्यंत पोचतो आहे.